एसी सुरू होईपर्यंत

जरा पुढं सरकून बसा, माणसांनो. एका बाईच्या धीराची गोष्ट सांगते.

चर्चचा सेवक, डीकन हॉलिस, यानं जनरेटरची दोरी पुन्हा ओढली. दहा पावलांवरच्या, राहायची सोय असलेल्या कॅम्परगाडीत एसी गुरगुरला, आणि सुटकेसएवढा तो जनरेटर गचके खाऊन बंद पडला. त्याबरोबर गाडीतलं प्राणवायूचं यंत्रही चीं-चीं करत थांबलं. वादळानंतरची तिसरी दुपार होती. पाळकांच्या घराचं छप्पर गेलेलं, रस्त्यावर झाडं आडवी, आणि लुइझियानाच्या दलदलीवरून नुसत्या वाफा येत होत्या. गाडीत नाकाला नळी लावून ऐंशी वर्षांचे पाळक अँब्रोज गिलरी घामानं निथळत पडले होते. त्यांचे डोळे मिटायला लागले होते.

“थांब रे, किती छळशील!” त्यांची बायको युलाली दारातून ओरडली.

“कुणाला, मदर? पाळकबाबांना की जनरेटरला?”

“दोघांनाही. नुसता जनरेटर चालू कर, त्यांची हवा चालू दे. एसीला हात लावू नकोस. आतल्या वायूचा दाब उतरायला पाच मिनिटं लागतात.”

“पाच मिनिटांत बाबा शिजतील!”

“तुझ्या घाईनं त्याआधीच जातील.”

कोळंबीच्या धक्क्यावरच्या बर्फखान्यात तिनं बावीस वर्षं यंत्रं सांभाळली होती. आणि चव्वेचाळीस वर्षं दर रविवारी, नवरा प्रवचन गाऊन द्यायचा तेव्हा, ओळीओळीला ऑर्गनची साथ केली होती.

जनरेटर पुन्हा सुरू झाला, तसा त्याच्यावरचा भार कमी करायला तिनं गाडीतला फ्रिज विजेऐवजी गॅसवर चालता केला. बॅटरीचा चार्जर काढला. इंजिन पूर्ण वेगानं फिरावं म्हणून हॉलिसला जनरेटरचं बचतीचं बटण बंद करायला लावलं. पाच मिनिटं सरेपर्यंत एसीचा नुसता पंखा लावला.

उरलं प्राणवायूचं यंत्र. एकदा एसी चालता झाला की जनरेटरला दोन्ही पेलणार होती. एसी सुरू होतानाचा एक हिसका मात्र नाही; तेवढ्यापुरतं हे यंत्र बंद ठेवावं लागणार होतं. तिचा हात प्लगवर गेला आणि तिथंच राहिला.

पाळकांनी नळी स्वतःच काढली.

“याहून लांब प्रवचन मी एका दमात दिलंय,” ते कुजबुजले.

“माहीत आहे. लोक जांभया देत होते.”

ते हसले. हसता हसताच तिनं प्लग ओढला, एसीची कळ फिरवली, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः गायला लागली, त्यांच्याच चालीत:

“ज्यानं वादळाला थांब म्हटलं, तो या गाडीतही बसलाय…”

ओळ संपली. पाळकांच्या बोटानं गादीवर एक ठेका दिला. बाहेर इंजिनाचा आवाज खाली गेला, फार खाली. हॉलिसनं दोन्ही तळवे त्यावर ठेवले, जसं बिथरलेल्या वासराला थोपटावं. पाळकांचे ओठ निळसर होत होते. तिनं तीच ओळ पुन्हा धरली. आवाज न कापता.

इंजिन चढलं.

गार झोत आला. तिनं प्लग खोचला, जनरेटर किंचित दबून पुन्हा सावरला. तिनं नळी त्यांच्या नाकाला लावली, आणि मग कुठं ती त्यांच्या उशाशी टेकली.

पाळकांच्या ओठांवर हळूहळू रंग परतला.

“पुढची ओळ?” त्यांनी विचारलं.

“मला कुठं येते?”

“मलाही कधी येत नव्हती. तू ऑर्गन वाजवताना ओळीनंतर थांबायचीस ना, तेवढ्यात सुचायची.”

आज रात्री प्रार्थनेला बसाल, तेव्हा युलाली गिलरीची आठवण काढा, माणसांनो.