नऊ नंबरची बस थांबली होती

गाईड मुलीनं बसमधली डोकी दुसऱ्यांदा मोजली आणि पुन्हा कागदाकडं पाहिलं. कागदावर सव्वीस, बसमध्ये पंचवीस. एक माणूस वर ज्वालामुखीच्या डोंगरावरच राहिलं होतं.

सुभेदार लालासाहेब खिडकीशी बसले होते. कोण राहिलंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चूक त्यांचीच. सकाळी जहाज बेटाला लागलं, तेव्हा धक्क्यावर बसगाड्यांची ही रांग. दिवसभरात डोंगर दाखवायचा आणि संध्याकाळच्या आत माणसं परत जहाजावर आणून सोडायची. गाईड तिकिटं गोळा करून छातीवर लावायला बसच्या नंबराचे स्टिकर देत होती. आता मेढ्याच्या एस.टी.त उभा जन्म ‘दोन फुल द्या’ म्हणणारा माणूस! हात खिशात गेला तो दोन्ही तिकिटं घेऊनच बाहेर आला. जयराजनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, आईवडिलांचं सगळं बुकिंग वर्षभर आधीच करून ठेवलेलं. आई गेल्यावर त्यानं जहाजाच्या खोलीतलं तिचं नाव कमी केलं. या बेटावरच्या सहलीतलं तेवढं राहून गेलं. गाईडनं दोन स्टिकर दिले. एक त्यांनी शर्टावर लावला. दुसरा परत करावा असं मनात आलं होतं, नाही असं नाही. हातच पुढं झाला नाही.

हा डोंगर बघायचं वेड मुळात तिचं, विजयमालाचं. एकदा टीव्हीवर ज्वालामुखी दाखवत होते, तर ही भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, “बाहेरनं गप आणि आतनं धगधग. आवं, तुमचा भाऊच की ह्यो. बघाय पायजे एकदा.” पोरगा दुबईत नोकरीला लागला आणि त्यानं आईचं ते बोलणं खरं करायचं मनावर घेतलं. आज लालासाहेबांनी वर जाऊन पाहिलं. एक भला मोठा खड्डा, थोडा धूर आणि फटाक्यांच्या दारूसारखा वास. ती असती तर म्हणाली असती, एवढ्यासाठी एवढ्या लांब आणलंत होय.

गाईड आता कागद घेऊन त्यांच्याच बाकाशी आली. आडनाव जुळत होतं. विजयमाला तुमची बायको का, असं तिनं इंग्रजीत विचारलं. फौजेतलं इंग्रजी लालासाहेबांना पुरेसं होतं.

“येस,” ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मागं कुणीतरी कुरकुरलं की जहाज सुटेल. पुढच्या बाकावरच्या जवाहरशेठनी लगेच सगळ्यांना धीर दिला. हे सांगलीचे हळदीचे व्यापारी, जहाजावरच ओळख झालेली. स्वतःच्या मनानं फिरायला गेलेल्याला जहाज सोडून जातं, पण जहाजाच्या बसनं गेलेलं माणूस राहिलं तर त्याच्यासाठी थांबतं, असा नियमच आहे म्हणे.

ते ऐकलं आणि लालासाहेबांनी खिडकीची काच सरकवली. गाईड खाली उतरून डोंगराच्या वाटेकडं तोंड करून हाका मारत होती. विजा-माला, विजा-माला. गावात तिला सूनबाई म्हणत, जयराजची आई म्हणत. ते स्वतः ‘अगं’च्या पुढं कधी गेले नाहीत. तिचं नाव असं मोकळ्यावर ते पहिल्यांदाच ऐकत होते.

लग्न झालं आणि महिन्यात ते पलटणीत परतले, तिथपासून वाट बघणं तिच्याच वाट्याला. रजेची, पत्राची, पुढं फोनची. जयराजच्या वेळी ती एकटीच होती. आणि शेवटी मिरजेच्या दवाखान्यात असताना हे गावी मेढ्याला गेले, का, तर पोस्टात आलेला तिचा नवाकोरा पासपोर्ट आणून तिच्या हातात ठेवायला! परत आले तेव्हा तासाभराचा उशीर झाला होता. डोळे दाराकडंच होते, नर्स म्हणाली. तो पासपोर्ट आत्ताही त्यांच्या खिशात होता.

जवाहरशेठची बायको दीपाली उठून त्यांच्याजवळ आली. तिचा आवाज काळजीचा होता.

“काका, मी बघून येते. काकूंनी काय नेसलंय?”

“हिरवं,” लालासाहेब म्हणाले. “नवंकोरं. मळवट भरलाय.”

दीपाली वळली होती, ती तिथंच थांबली. सवाष्ण बाई कधी हिरवं नेसून आणि मळवट भरून जाते, हे सांगलीच्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. ती त्यांच्या बाकाशी खाली वाकली.

“कधी गेल्या?”

“श्रावणात. मी उशिरा पोचलो, पोरी.” त्यांनी बाहेर बघतच सांगितलं. “थांबू दे की जरा गाडी. जल्मभर तीच थांबली. तिच्यासाठी कवा कुणी थांबलं न्हाई.”

दीपालीनं डोळे पुसले. नवऱ्याला काही सांगितलं नाही, कुणालाच नाही. ती खाली उतरली, गाईडच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि डोंगराकडं तोंड करून तिनं हाक मारली, “विजयमालाकाकू, या हो, आम्ही थांबलोय.”

लालासाहेब रडले. चारचौघांत, तेही फौजी माणूस, पण रडले. दीपालीनं तीन वेळा हाक मारली. मग ते शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून उठले, खाली उतरले आणि गाईडपुढं ताठ उभे राहिले. “सॉरी मॅडम, माय मिस्टेक. वाइफ नो मोर. बस कॅन गो.” गाईडला आधी कळेना. दीपालीनं तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. तिनं पेन काढलं, कागदावर टेकवलं आणि नाव न खोडताच परत खिशाला लावलं.

बस उतरायला लागली. शेजारची जागा कुणी मागितली नाही. खाली धक्क्यावर जहाज उभं होतं, शिडी अजून खालीच होती. लालासाहेबांनी पासपोर्ट उघडला. आतली सगळी पानं कोरी. त्यांनी खिशातला तो दुसरा, नऊ नंबरचा स्टिकर काढला, पहिल्या कोऱ्या पानावर चिकटवला आणि कडा उचलू नयेत म्हणून धक्का येईपर्यंत अंगठ्यानं दाबून धरला.