दोन वेगांच्या पट्ट्या

चालू असलेली वस्तू काढून ठेवणं बाईंना जन्मात जमलं नव्हतं. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली त्यांनी, आणि तिथला नियमच होता: जे चालतंय ते जोडायचं, कपाटात घालायचं नाही. त्यामुळे परदेशातल्या मुलाने कॉम्प्युटरसाठी रॅमची नवी पट्टी मागवून दिली आणि फोनवर बजावलं, "आई, जुनी काढ आणि ही लाव," तेव्हा बाई हो म्हणाल्या आणि दोन्ही लावून मोकळ्या झाल्या. जागा दोन, पट्ट्या दोन. एक जागा रिकामी ठेवायला काय डोकं फिरलंय?

कॉम्प्युटर छान सुरू झाला आणि अर्ध्या तासात त्याने मान टाकली. बाई त्यावर एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचायच्या. आडवा सतरा भरत होत्या, तेवढ्यात सगळं हँग. बंद केला, चालू केला, पुन्हा तेच.

रविवारी चारला मुलाचा फोन आला. तो दर रविवारी यायचा आणि चार मिनिटांत संपायचा. बाई काही घड्याळ लावून बसत नव्हत्या, पण चहाचं पाणी ठेवून फोन घेतला तर पाण्याला उकळी फुटायच्या आत "चल, ठेवतो" ऐकू यायचं. तब्येत बरी, गोळ्या घेतल्या, सूनबाई कुठाय, बाहेर गेलीय, चल ठेवतो. "कामात असतो हो बिचारा," असं त्या शेजारणीला सांगायच्या. मग घरात येऊन दार लावलं की दिवस दिवस बोलायला कुणी नाही.

त्या रविवारी मात्र कॉम्प्युटर बिघडलेला होता. मुलाने तिकडे बसून इथली स्क्रीन ताब्यात घेतली. बाण आपला आपण फिरू लागला, आणि बाई फोन कानाला लावून त्याच्याकडे बघत राहिल्या. पोरगं शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्यासारखं वाटलं त्यांना. सव्वा तास तो शोधत होता, आणि शोधता शोधता बोलत होता.

"आई, जुनी पट्टी काढली नाहीस ना?"

"नाही. चांगली चालत होती की ती."

"अगं, ती चोवीसशेच्या वेगाची, ही बत्तीसशेची. दोघी एकत्र लावल्या की नवीला जुनीच्या चालीने चालावं लागतं. कधी तेही जमत नाही, मग मशीन अडकतं."

"म्हणजे सासूच्या चालीने सुनेला चालवायचं," बाई म्हणाल्या.

स्क्रीनवरचा बाण उगाच दोनदा गोल फिरला. मग तो म्हणाला, "काढ ती."

बाईंनी काढली. कॉम्प्युटर पळू लागला. पुढच्या रविवारी चारला फोन. "मशीन नीट?" नीट. "गोळ्या?" घेतल्या. सूनबाई कुठाय, बाहेर गेलीय, चल ठेवतो. नीट चालणाऱ्या यंत्राचा बाईंना आयुष्यात इतका राग आला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी तीनला त्यांनी सीपीयूची बाजू उघडली आणि जुनी पट्टी परत बसवली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं हे वय नव्हे, ते त्यांना कळत होतं. तरी लपवलं. चारच्या फोनला म्हणाल्या, "अरे, पुन्हा अडकतंय बघ."

मग ते ठरूनच गेलं. रविवारी लावायची, सोमवारी काढायची. मुलगा तासभर शोधायचा. वायरी हलवून बघ म्हणायचा, पंख्यावरची धूळ पूस म्हणायचा. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत बिघडलेल्या लिफ्टचं सांगायचा, शेजारच्या बहिऱ्या म्हाताऱ्याच्या टीव्हीचं सांगायचा. बाई त्याला कोड्यातले शब्द विचारायच्या. त्याला एकही यायचा नाही, आणि बाई त्याच्या मराठीवर मनसोक्त तोंडसुख घ्यायच्या. फोन ठेवल्यावर घर आणखीच रिकामं वाटायचं, पण तासभर तर भरलेलं असायचं.

पाचव्या खेपेला तो सारखा खोकत होता.

"ताप आहे का रे?"

"थोडा. ते राहू दे. मी जरा ही फाइल तपासतो."

बाईंना स्वतःची शिसारी आली. तापाने फणफणलेल्या पोराला आपण अंथरुणातून उठवून खुर्चीत बसवलंय, आणि तेही खोटं बोलून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे ते भर दुपारी पडलं होतं.

"काही तपासू नकोस," त्या म्हणाल्या. "जुनी पट्टी मीच लावते. दर रविवारी, तीन वाजता. तू फोनवर राहावास म्हणून."

"माहितीये, आई."

"काय माहितीये?"

"पट्टी. पहिल्या वेळी शोधावं लागलं. आता उघडल्या उघडल्या दिसतं, दोन पट्ट्या, वेग चोवीसशे."

"मग तास तास काय शोधत होतास?"

तो खोकला. पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग सावकाश म्हणाला, "ती गेली, आई. सोडून गेली. सात महिने झाले. साधा फोन केला की तू तिचं विचारतेस, म्हणून पटकन ठेवायचो. मशीन बिघडलं की तू विचारत नाहीस. शुक्रवारी ऑफिसातून निघालो की रविवारी तुझ्याशी बोलेपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही."

बाईंच्या ओठांवर शंभर प्रश्न आले. का गेली, कुणाचं चुकलं, मला का नाही सांगितलंस. ते सगळे त्यांनी गिळले. सात महिने आपण एकटं पडल्याचं दुःख कुरवाळत बसलो आणि पोरगं तिकडे त्याच आगीत होतं, याची त्यांना इतकी लाज वाटली की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान राहिलं नाही.

स्क्रीनवरचा बाण मध्येच थांबला. मशीन हँग झालं होतं.

"तू आधी आडवा हो," बाई म्हणाल्या. "फोन कानाशी ठेव. झोपलास?"

"झोपलो."

"काल काय जेवलास?"

"काही नाही."

"परवा?"

तो विचार करू लागला. बाईंनी अजिबात घाई केली नाही. मग तो सांगायला लागला, परवाचं, तेरवाचं, त्याच्या आधीचं, एकेक दिवस मागे मागे.