चौथ्या जिन्यावरची पाचवी ओळ

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. इंग्लंडातल्या हॉलवेल कॉलेजच्या चौथ्या जिन्यापाशी मी टांगलेली असते. मित्रांनो, माझ्यावर तुम्हाला या जिन्यावरच्या आठ खोल्यांत राहणाऱ्यांची आठच नावं दिसतील. पण त्यांच्याखाली रंगाचे थर आहेत आणि थराथरात जुनी नावं झोपली आहेत. ऊन कललं की मला त्यांची कुजबुज ऐकू येते.

दर शरद ऋतूत रंगारी ब्रॅडॉक यायचे. शिकून गेलेल्यांच्या नावावर काळा रंग फिरवून नव्यांची नावं पांढऱ्या रंगात लिहायचे, फक्त आद्याक्षर आणि आडनाव. कॉलेजच्या दारावरचे रखवालदार हॅस्केल माझ्याकडे बघूनच टपाल लावत. पाटीवर नाव नाही, तर तो माणूस कॉलेजात नाही, असा त्यांचा खाक्या!

सत्तर वर्षं मी पुरुषांचीच नावं मिरवली. मग प्राध्यापकांचं तीनदा मतदान होऊन कॉलेजात मुली आल्या. माझ्या पाचव्या ओळीच्या खोलीत कॉर्नवॉलच्या कोळ्याची लेक आली, मॉर्वेना ट्रेगेन्झा. तिच्या नावाआधी ‘मिस’ लिहायचं की नाही? विद्वानांनी त्यावर समिती नेमली. माझी पाचवी ओळ तीन आठवडे काळीच राहिली. मला फार लाज वाटायची.

एका सकाळी हॅस्केल माझ्यापाशी टपाल लावत असताना मॉर्वेना बॅग घेऊन खाली आली. डोळे सुजलेले.

“आईनं पाठवलेला केशराचा केक परत गेला. ‘अशी व्यक्ती इथे नाही’ म्हणून! तिला वाटतंय, मला काढून टाकलं. खरंच जाते मी आता.”

“पाटीवर नाव नव्हतं, मिस. मी तरी काय करणार?” हॅस्केल पुटपुटले.

“रोज मला गुड मॉर्निंग म्हणता ना? मग ते कुणाला म्हणता, मिस्टर हॅस्केल?”

हॅस्केलांचा चेहरा पडला. शेजारच्या पाटीशी काम करणारे ब्रॅडॉक स्टुलावरून उतरले आणि माझ्यापुढे येऊन त्यांनी डबा उघडला.

“अहो, समितीचं काय?” हॅस्केल दचकले.

“समितीला सांगा, रंग ओला आहे. हात लावू नका.”

कुंचल्याच्या गार गुदगुल्या झाल्या. एम. ट्रेगेन्झा. इतरांसारखंच, तेवढ्याच उंचीचं. मॉर्वेना बराच वेळ बघत राहिली. मग बॅग उचलून पुन्हा जिना चढली. पुढचा केक हॅस्केल स्वतः वर घेऊन गेले.

तीन वर्षांनी ती निघाली, तेव्हा ब्रॅडॉक म्हणाले, “तुमच्या नावावर रंग फिरवायला माझा हात धजणार नाही, मिस.”

“फिरवा हो, मिस्टर ब्रॅडॉक! पण तिथे दुसरी मुलगी येऊ द्या.”

आली. तिच्यामागून आणखी कितीतरी आल्या.

आता मला उतरवून छापील पाटी लावणार आहेत. लावू देत. मला तासू मात्र नका, माझ्यात माणसं झोपली आहेत. आणि मित्रांनो, नव्या पाटीवर कधी एखादी ओळ रिकामी दिसली, तर समितीची वाट बघत बसू नका. वर खोलीत कोण रडतंय, ते आधी जाऊन बघा.