निळ्या डब्याने ओ दिली

आमच्या दिपेशचं वागणं मला पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्न झालेला घोडा, आणि गणपती झाल्यापासून घरात असा वावरतोय जसा परक्याकडे जेवायला आलाय. काही विचारलं तर "हं". भाकरी वाढली तर "हं". वर माझ्या घरभर चिकटपट्ट्या लावून ठेवल्यात. साखरेच्या बरणीला पट्टी, झाडूला पट्टी, माझ्या चपलेच्या आत पट्टी. विहीणबाई आल्या त्या दिवशी त्यांनी सगळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मंजुळे, सामान विकायला काढलंस काय गो?" मी काय सांगणार? मलाच कळत नव्हतं.

आम्ही वेसाव्याचे कोळी. अंधेरी स्टेशनवरून रिक्षात बसा, समुद्र लागला की आम्ही. माझा नवरा बळवंत होडीवर, मी म्हावऱ्याच्या बाजारात. मुलाने पाण्यात जायचं नाही हे मीच ठरवलं होतं. म्हणून दिपेश एमआयडीसीतल्या कपड्यांच्या गोदामात लागला. पूर्वी तिथे खोकी हाताने मोजायचे. आता खोक्यांना त्या पट्ट्या लावतात, समोर बंदुकीसारखं यंत्र धरतात, आणि म्हणे खोकं आपलं नाव सांगतं. त्या विद्येला आरएफआयडी म्हणतात. त्याची मोठी परीक्षा असते, कॉम्प्युटरवर. कंपनीने सांगून टाकलंय, ज्याच्याकडे सर्टिफिकेट तो नव्या गोदामात, बाकीच्यांचं काम नव्या वर्षापासून बंद.

एवढं मला कळलं. पुढचं डोक्यावरून गेलं. मी तिसरीत शाळा सोडली, पण हिशोबात मला कोणी फसवलेलं नाही. म्हटलं, समजून तरी घेऊ. एका संध्याकाळी त्याला समोर बसवला. त्याने गोदामातून आणलेली बंदूक बाजूला ठेवली आणि पट्टी उजेडात धरली.

"आये, ही बघ. आत तार आहे आणि मोहरीहून बारका तुकडा. बॅटरी नाही."

"मग बोलते कशी?"

"बंदूक हाक मारते. त्या हाकेतच जी ताकद असते तेवढी घेऊन ही ओ देते. हाक नाही मारली तर मुकी."

"म्हणजे मेलेला माणूस हाक मारल्यावर ओ देतो, असं सांगतोस मला?"

"मेलेली नाही गं. गप्प."

आमची सून नमिता तोंडाला पदर लावून हसायला लागली. क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते ती, तिला सगळं कळतं असं तिला वाटतं.

मग त्याने पट्टी माझ्या स्टीलच्या डब्याला लावली. बंदूक गप्प. म्हावऱ्याच्या ओल्या पाटीला लावली. तरी गप्प. म्हणाला, धातू हाक परतवून लावतो आणि पाणी गिळून टाकतं. मी म्हटलं, "माझ्या घरात स्टील आणि पाणी सोडून आहे काय? जा, दुसऱ्याच्या घरी अभ्यास कर." शेवटी नमिताचा निळा प्लास्टिकचा डबा सापडला. त्याच्या झाकणाला पट्टी चिकटवली आणि बंदुकीला सांगून ठेवलं, फक्त हाच शोध. मी डबा घेऊन जुन्या जाळ्याच्या ढिगात खोल लपवला. दिपेश बंदूक घेऊन फिरायला लागला. लांब असला की टुक, टुक. जवळ गेला की टुकटुकटुक. ढिगातून डबा बाहेर काढला आणि हसला. किती दिवसांनी हसला! मला वाटलं, झालं, पास झाला.

तेवढ्यात नमिताने पुस्तक उघडून प्रश्न विचारला. पट्टी आडवी आणि बंदुकीतला अँटेना उभा असला तर पट्टी वाचता येईल काय? तो म्हणाला नाही. मग म्हणाला हो.

"बरोबर काय गो?" मी नमिताला विचारलं.

"दोन्ही बरोबर असू शकतं, आई. अँटेना कुठल्या जातीचा त्यावर आहे."

"जात पण विचारतात?"

"तसली जात नाही, आई!"

आता सांगा, हो पण बरोबर आणि नाही पण बरोबर, ही परीक्षा आहे की ज्योतिष? पण दिपेशचं तोंड उतरलेलं मी बघितलं. ते मला पुस्तकापेक्षाही कमी समजलं. कारण ही परीक्षा तो एकदा पास झाला होता. गणपतीच्या आधी. त्या दिवशी घरी आला, बॅग ठेवली, हातपाय धुतले, जेवला. आमच्यात निघालेल्या माणसाला कुठे चाललास विचारत नाहीत, काम बिघडतं. आणि परत आलेल्याला काय मिळालं ते पण तोंडाने विचारत नाहीत, म्हावऱ्याची पाटी बघून समजायचं असतं. मी त्याचं ताट बघितलं. हलवा माशाची तुकडी मागून घेतली त्याने. म्हटलं, पास. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारात पेढे वाटले. एक त्याच्या तोंडातही घातला. खाल्ला त्याने. मग हा पुन्हा अभ्यास कशाला? मी माझं ठरवून टाकलं, पहिलीनंतर दुसरी असते तशी ही पुढची इयत्ता. बाजारातही तसंच सांगितलं. "साहेबाच्या वरची परीक्षा आहे," म्हटलं. लोकांनी माना हलवल्या.

परीक्षेच्या दिवशी नमिता लवकर कामावर गेली. मी निळ्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी भरली. दिपेश इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. मी रीतीप्रमाणे तोंड आत वळवलं. त्याने पण काही सांगितलं नाही.

बंदूक मात्र घरी राहिली. परीक्षेत ती चालत नाही. कंपनीची वस्तू, सही करून आणलेली, आणि आमच्याकडे दिवसा दाराला कडी कोण लावतो? म्हणून टॉवेलात गुंडाळली, टोपलीत टाकली आणि किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील परतायला निघाले. वाटेत मनात आलं, बघू तरी पोचला काय. गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले, बंदूक अंधेरीच्या दिशेला धरली आणि खटका दाबला. काही नाही. बरं, म्हटलं, लांब गेला असेल. कदाचित मध्ये सगळ्या स्टीलच्या गाड्या आल्या असतील.

"मंजुळे, पोलिसात लागलीस काय?" वरच्या खिडकीतून कोणीतरी ओरडलं.

"तुझ्यावरच पाळत आहे," मी म्हटलं आणि चालू लागले. खटका दाबूनच ठेवला होता, सोडायचा असतो ते लक्षात नव्हतं.

किनाऱ्यावर आमची होडी रंगवायला वर ओढून ठेवली होती. बळवंत रंग आणायला गेला होता. तिथे पोचले आणि हातात बोललं काहीतरी. टुक.

मी थांबले. टुक, टुक. बिघडली, मेली. कंपनीवाले माझ्याकडून भरून घेणार. दोन पावलं मागे गेले, गप्प झाली. पुढे आले, टुक टुक. मागे, गप्प. बोंबील परतणाऱ्या बाया बघत राहिल्या, की ही बाई भर उन्हात नाचते कशाला. मला काहीच कळेना. डबा अंधेरीला, बंदूक इथे, आणि ओ देतंय कोण? होडीला वळसा घातला तशी ती टुकटुकटुकटुक करत सुटली.

होडीच्या सावलीत दिपेश बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर निळा डबा, झाकण बंद.

"आये, बंद कर ती."

"बंद कशी करतात?"

त्याने हात लांब करून खटक्यावरचं माझं बोट सोडवलं. लाटांचा आवाज तेवढा राहिला.

"परीक्षा झाली?" मी विचारलं.

"बारा वाजता आहे."

"मग इथे काय करतोस? बापाची होडी मोजतोस?"

त्याने मांडीवरचा डबा रेतीत ठेवला. मग म्हणाला, "गणपतीच्या आधीची मी नापास झालो होतो, आये."

मला आधी नापास ऐकूच आलं नाही. मला पेढाच दिसायला लागला.

"पेढा खाल्लास तू!"

"तू तोंडात कोंबलास."

"मग थुंकायचा होतास!"

"तोवर सगळ्या बाजारात वाटून आली होतीस. काय सांगणार होतो? तू विचारलंस काय मला?"

"विचारतात काय आपल्यात?"

"नाही ना विचारत. मग?"

कशाचा राग करावा ते मला समजेना. नापास झाल्याचा, लपवल्याचा, की पेढ्याचा? रागात दम असतो तोवर बरं असतं, पण माझा रागच इकडून तिकडे फिरायला लागला. मी त्याच्या बाजूला रेतीत बसले.

"येत नाही काय तुला काहीच?"

"येतं गं. पण तिथे बसलं की दोन्ही उत्तरं खरी वाटतात. या वेळी गेली तर काम गेलं. आणि मग परत हीच होडी. आणि तू..."

"मी काय?"

"तू परत पेढे वाटशील."

मी डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा त्याच्या हातात दिला. खाल्ला. दुसरा आपणच तोडून घेतला. मग घड्याळ बघितलं, उठला, पॅन्टची रेती झटकली. गल्लीच्या दिशेला वळला तशी माझी मान सवयीने दुसरीकडे गेली. सत्तावीस पिढ्यांची सवय. पण मी ती परत फिरवली.

"कुठे चाललास रे?"

तो जागीच उभा राहिला. जाळी शिवणाऱ्या एकाने पण मान वर केली. "आये, निघताना विचारतेस?"

"विचारते. तोंड आहे ना तुला?"

"परीक्षेला."

"आणि परत आल्यावर?"

"सांगेन. जे असेल ते."

"मग ऐक, दिपेश," मी म्हटलं, जाळीवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "तो पेपर मला मेलीला कळत नाही, त्यामुळे पास हो नाहीतर नापास हो. पण तू घुम्या आहेस. भित्रा पण आहेस. तो निळा डबा तुझ्यापेक्षा बरा, हाक मारली की ओ तरी देतो. बाजाराची काळजी तू करू नकोस. पेढे मी वाटलेत, परत मागायला पण मीच जाईन."