पत्नीचा रकाना

बीडच्या सैनिक कल्याण कार्यालयातल्या बाबूने आश्रुबाचा सैन्यातला नंबर संगणकावर टाकला, पडद्यावरची नोंद वाचली आणि खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "मावशी, तुमचं नाव इथं न्हाई."

जाईबाईला वाटलं, यंत्र बिघडलं असेल. आश्रुबाला पेन्शन लागून अडतीस वर्षं झाली होती आणि ती त्याच्याबरोबर अठ्ठेचाळीस वर्षं नांदत होती. नाव नाही म्हणजे काय?

बाबू स्वतः निवृत्त हवालदार होता, धारूरकडचा. आत आल्या आल्या त्यानेच आधी जय भीम घातला होता. त्याने पुन्हा वाचून दाखवलं. "पत्नी, केशरबाई. मुलगा अनिल, मयत. एवढंच हाय. कोण ह्या केशरबाई?"

जाईबाईने नवऱ्याकडे पाहिलं. आश्रुबा दोन्ही हात टेबलावर टेकून श्वास गोळा करत होता. दोन वर्षांपासून त्याची फुप्फुसं निकामी होत आली होती, चार शब्दांमागे एकदा थांबावं लागायचं.

"माझी वैनी," तो म्हणाला.

"नाना, गंमत करता का म्हाताऱ्याची?" बाबू हसला. "वैनी बायकोच्या रकान्यात कशी आली?"

"म्याच लिवून दिलतं."

बाबूचं हसू गेलं. त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, उद्या तुमचं काई बरंवाईट झालं तर पेन्शन ह्या केशरबाईला जाईल. मावशी कोण, असं विचारतील. दवाखान्याचं कार्ड मिळायचं न्हाई, काईच मिळायचं न्हाई. तुमी हायेत तोवर दुरुस्त झालं तर झालं. माणूस गेल्यावर लई अवघड."

"मग करा की दुरुस्त," जाईबाई म्हणाली.

"माझ्या हातात असतं तर आत्ता केलं असतं. अर्ज पलटनीच्या रेकॉर्ड ऑफिसला जाईल. यांचं शपथपत्र लागंल, तुमचं लागंल, दोघांचा जोडीनं फोटो. आन् ह्या केशरबाईनं तहसीलला उभं राहून सांगायचं, की माजं ह्या माणसाशी कधी लगीन झालेलंच न्हाई. तो मुलगा तिच्यामार्फतच लागलाय. ती निघाली की तोबी निघाला. त्याचा काई मूळ दाखला असंल तर तो जोडावा लागंल."

केजपर्यंत एसटीत दोघं एका बाकावर बसून आली. केजच्या स्टँडबाहेर नांदूरघाटची जीप भरेपर्यंत अर्धा तास होता. तिथे लिंबाखाली ती म्हणाली, "आता सांगा."

आश्रुबाने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. दुष्काळाच्या साली त्याचा थोरला भाऊ धर्मराज रोजगाराच्या कामावर गेला होता. विहिरीचा काठ ढासळला आणि तो खाली गाडला गेला. मागे केशरबाई, बाविशीची, आणि दोन वर्षांचा अनिल. आश्रुबाला सैन्यात जाऊन तीन वर्षं झाली होती. तो रजेवर आला तेव्हा बाप म्हणाला, थोरल्याच्या बायकोशी पाट लाव, घरची लक्ष्मी घरात राहील. आधीच्या पिढ्यांत तसं होतच आलं होतं. वस्तीतल्या आप्पांनी समजावलं, की आता आपण धम्मात आलो, ह्या जुन्या चाली सोडायच्या. आश्रुबाला ते बरंच वाटलं, कारण वैनीला तो बहीण मानायचा. पण बापापुढे नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. तो पलटणीत परत गेला, कारकुनासमोर उभा राहिला आणि पत्नीच्या रकान्यात वैनीचं नाव सांगितलं. पोराचंही सांगितलं. घरी पत्र टाकलं, नाव लावलं म्हणून.

"दोघांचा दवाखाना तरी फुकट होईल म्हनलं," आश्रुबा म्हणाला. "बाप बी गप बसला. कागूद तिकडं पलटनीत, आन् घर हिकडं. मला वाटलं, त्या दोन्हीची गाठ कशाला पडतीय?"

"मग माझ्याशी लगीन केलं तवा कावून न्हाई बदललं?"

"दोन बायका केल्या म्हून नोकरी गेली असती. खोटं लिवलं म्हनलं तरी गेली असती. आज सांगू, उद्या सांगू म्हनलं."

"अठ्ठेचाळीस वरसं तुमचा उद्या उजाडला न्हाई व्हय?"

जीपवाल्याने हाक मारली. आश्रुबाला धरून चढवावं लागलं. जाईबाईने त्याच्या काखेत हात घातला, कारण दुसरं कोणी नव्हतं.

केशरबाई त्याच अंगणात, समोरच्या एका खोलीत राहत होती. जाईबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून तिला आक्का म्हणत होती. दोघी ऊसतोडीला एका कोयत्याची जोडी म्हणून गेल्या होत्या, एकीच्या बाळंतपणात दुसरीने चूल सांभाळली होती. अनिल नावाचं पोर होतं आणि ते गेलं, एवढं जाईबाईला माहीत होतं. ते तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेलं होतं. आक्का त्याच्याबद्दल बोलत नसे, म्हणून ती विचारत नसे.

त्या संध्याकाळी केशरबाई ओट्यावर हरभरा पाखडत होती. जाईबाईने समोर बसून सगळं सांगितलं. सून पंचशीला, केजच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची, ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती आणि दारात उभी होती.

केशरबाईचं सूप थांबलं नाही. "मला ठावं हाय ते," ती म्हणाली. "तुला आज कळालं व्हय?"

"मग तहसीलला येऊन सांगा तेवढं."

"न्हाई."

"आक्का, नुस्तं खरं सांगायचंय. तुमचं लगीन झालं नव्हतं."

"न्हाई झालं. तुजी हळद म्याच वाटली की. मला कुनी इचारलंतं का, की बाई तुजं नाव लावू का? आन् आता काढताना बी मीच जायचं?" तिने सूप खाली ठेवलं, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आली. "पंचशीला, वाच."

पंचशीलाने दिव्याखाली धरून वाचला. छावणीतल्या लष्करी दवाखान्याचा मृत्यूचा दाखला होता. अनिल, वय पाच. वडील आश्रुबा, शिपाई. आजार घटसर्प.

"म्हंजे घसा बंद होतो," पंचशीला हळू म्हणाली. "आता लसच असते त्याची."

"तवा नव्हती आमच्याकडं. भावजींचं नाव सांगितलं म्हून आत घेतलं. तीन दिवस पांढऱ्या चादरीवर झोपवला त्याला. वर पंखा होता. नर्सबाई मला मिसेस म्हनायची." केशरबाईने कागद परत घेतला. "गावात त्याची नोंद न्हाई, शाळेत नाव घातलं नव्हतं. फोटू तर कुनी काढायचा? येवढ्या एका कागदावर हाय तो, आन् तुमच्या पलटनीच्या वहीत. मी तिथं जाऊन न्हाई म्हनले, की दोन्हीकडून गेला."

रात्री भाकरी थापताना जाईबाईच्या मनात आलं, की अर्ज राहू द्यावा. सकाळी आश्रुबाला खोकल्याची उबळ आली, ओठ निळे पडले, मुलगा जीवनने शिरूर कासारहून फोन करून गाडी पाठवली आणि तीन दिवस त्याला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. दवाखान्याच्या खिडकीवर तिला विचारलं, पेशंट माजी सैनिक, तुम्ही त्यांच्या कोण? ती म्हणाली, बायको. खिडकीतल्या मुलीने कार्ड उलटसुलट केलं आणि दुसऱ्या माणसाला बोलावलं. मागची रांग तिच्याकडे बघत राहिली.

परत आल्यावर ती सरळ केशरबाईच्या उंबऱ्यात जाऊन बसली.

"आक्का, पैशाचं म्हनाल तर तुमच्या नावानं आले तरी तुमी मला द्याल. मला ठावं हाय ते. पर हे गेल्यावर मी कोन? पोरं कोनाची? म्या दोन लेकरं जन्माला घातली, त्यांचं बी नाव न्हाई त्या वहीत. तुमचं एक हाय आन् ते गेलेलं हाय. माजी जिती हायेत."

म्हणून झाल्यावर तिला कळलं, की शेवटचं वाक्य म्हणायला नको होतं. पण ते खरं होतं आणि तिने ते मागे घेतलं नाही.

केशरबाई म्हणाली, "जा, भाकरी करपत असंल."

सोमवारी सकाळी आठ वाजता जीपच्या थांब्यावर केशरबाई आधीच येऊन उभी होती. ठेवणीतलं निळ्या काठाचं लुगडं, हातात ती प्लास्टिकची पिशवी. "चला लवकर," ती म्हणाली, "ऊन व्हायच्या आत परत यायचंय मला." सबंध वाटेत ती पुढच्या सीटवर चालकाशेजारी बसली.

केजला पंचशीला येऊन मिळाली. आधी फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, "नाना, जरा हसा की, पहिलाच जोडीचा फोटू दिसतोय."

"हसलं की दम लागतो," आश्रुबा म्हणाला. फोटोवाला हसला. केशरबाई बाहेर पायरीवर बसून होती.

तहसीलमधला अधिकारी तरुण होता आणि उद्धट नव्हता. त्याने केशरबाईला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"आश्रुबा यांच्याशी तुमचं लग्न झालं होतं?"

"न्हाई."

"पत्नी म्हणून कधी राहिलात?"

"न्हाई."

"मुलगा अनिल त्यांचा?"

आश्रुबा बाकावर होता. त्याने मान खाली घातली. केशरबाईने श्वास घेतला, तो सगळ्यांना ऐकू आला.

"न्हाई. धर्मराजचा."

"मग दवाखान्यात वडिलांचं नाव खोटं सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर दारात घेतलं नसतं, साहेब. खोटं सांगून बी वाचला न्हाई."

अधिकाऱ्याने पुढचं टाइप केलं, छापील कागद वाचून दाखवला आणि शाईची डबी पुढे सरकवली. केशरबाईने अंगठा उमटवला. दाखला मूळच जोडावा लागेल, असं कारकून म्हणाला. पंचशीलाने पटकन मोबाइल काढला. "मोठ्या आत्या, थांबा, मी फोटो काढून ठेवते."

"नको," केशरबाई म्हणाली. "खोटा ठरला ना आता तो? कशाला ठेवायचा?"

कारकुनाने कोपऱ्यात दोन भोकं पाडली, दोरा ओवला आणि दाखला गठ्ठ्याच्या तळाशी गेला.

त्या दिवसानंतर केशरबाईने आपली चूल वेगळी केली. भांडण केलं नाही. जाईबाईने ताट नेलं तर म्हणायची, "केलंय की मी." भाजी दिली तर घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी वाटी घासून ओट्यावर ठेवायची, त्यात मूठभर शेंगदाणे घालून. अंगणात दोघी समोरासमोर यायच्या. पाण्याचं, विजेचं, आश्रुबाच्या खोकल्याचं बोलणं व्हायचं.

रेकॉर्ड ऑफिसचं पत्र पाचव्या महिन्यात आलं. तोवर आश्रुबा खाटेवरून उठत नव्हता, नाकात नळी होती आणि यंत्राची घरघर दिवसभर चालू असायची. पत्र इंग्रजीत होतं. पंचशीलाने ते खाटेजवळ बसून मराठीत सांगितलं. पत्नी, जाईबाई. मुलगा जीवन, मुलगी मंगल. पूर्वीच्या कौटुंबिक नोंदी रद्द करण्यात येत आहेत.

"अजून?" आश्रुबाने विचारलं.

"संपलं, मामा. खाली सही हाय."

आश्रुबाने डोळे मिटले आणि भिंतीकडे वळला. जाईबाईने ते पत्र हातात घेतलं. तिला स्वतःचं नाव मराठीत वाचता यायचं, इंग्रजीत नाही. पंचशीलाने बोट ठेवून दाखवलं, ह्या ओळीत. त्या ओळीकडे बघताना आपल्याला बरं वाटेल, असं तिने इतके महिने धरून ठेवलं होतं. तिने पत्राची घडी घातली, ते उशाखाली ठेवलं आणि अंगण ओलांडून गेली.

केशरबाई खोलीत लसूण सोलत बसली होती.

"आलं का?" तिनेच विचारलं. पोस्टमन आलेला तिने पाहिला होता.

"आलं."

"लागलं नाव?"

"लागलं." जाईबाई उंबऱ्याशी उभी राहिली. खोटं बोलावं असं तिला वाटलं होतं, अंगण ओलांडेपर्यंत तसं ठरलंही होतं. "अनिलचं काढलं, आक्का."

"काढनारच की."

"मला तर ठावं हाय ना, तो होता म्हून. पंचशीलाला ठावं हाय. पोरांना सांगीन मी."

"तू त्याला बघितलंच न्हाईस," केशरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. चुकीची बेरीज दुरुस्त करावी तसं ती बोलली.

जाईबाई खाली बसली. दोन पाकळ्या उचलून तीही सोलू लागली. सोलता सोलता तिने विचारलं, "कसा होता, आक्का?"

केशरबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, जणू तिथे काही सापडतंय का ते तपासत होती. पलीकडून यंत्राची घरघर येत होती.

"घसा सुजलेला," ती म्हणाली. "तेवढंच दिसतंय. त्याच्या आधीचं तोंड आठवंना मला."

तिने उरलेला लसूण परडीत भरला आणि परडी जाईबाईकडे सरकवली. "घेऊन जा. भावजींना फोडनीचं वरण कर. माजं झालंय."