पवनबाबाच्या मुठीतला वारा

"वारा उना! बाबानी मूठ उघडी, वारा उना!"

खळ्यावर एकच गलका झाला. शिंदखेड्याजवळच्या त्या गावात वाऱ्याअभावी दिवसभर गहू उफणायचा राहिला होता. गावात मुक्कामाला आलेल्या पवनबाबांनी मूठ उघडली आणि सुपांतून भुसा उडू लागला. नारळ फुटले. सुपडूनानांनी हात जोडले खरे, पण डोळे घराच्या ओट्यावर होते. तिथे नात सोनी खांदे उचलून, मासोळीगत तोंड उघडून श्वास ओढत होती.

नाना कीर्तनात टाळ धरणारे, भोळा जीव. "जगाचा वारा माझ्या मुठीत, मग पोरीच्या छातीतल्या वाऱ्याची काय बिशाद!" बाबा म्हणाले होते, आणि नानांनी तिचा दम्याचा पंप विहिरीत टाकला होता.

"नाना, पोरीला दवाखान्यात न्या," शाळेच्या प्रमिलाबाई म्हणाल्या.

नानांची सून, सोनीची आई भिकुबाई आडवी आली. "नको! बाबानी नको म्हणेल शे!"

बाईंनी वही उघडली. गावाच्या पश्चिमेला टेकडीवर सरकारने वारा मोजायचा उंच खांब उभा केला होता. तिथे पवनचक्क्या चालतील का, हे त्यावरून ठरणार होतं. नोंदी बाई ठेवत.

"वारा साडेचारच्या पुढे-मागे टेकडीवर पोचतो. खळ्यावर यायला त्याला पाच-सात मिनिटं लागतात. खांबावरची लाल पट्टी हलली की बाबा तेवढा वेळ मंत्र पुटपुटतात, मग त्यांची मूठ सुटते."

"बाई, साधूवर आळ?" नाना म्हणाले.

"आळ नको. पारखून बघा."

सोनीची रात्र बसूनच गेली. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास नानांनी खळ्यावर स्वतः पाट मांडला.

"बाबा, देव पूर्वेला तोंड करून बसतो. तुम्हीही तसेच बसा."

"पवनाचं आसन पश्चिमेलाच!" बाबा गुरकावले.

"आम्ही तुम्हाला देव मानलं, मग देवासारखं बसायला हरकत काय?" नाना म्हणाले. "बरोबर शे!" लोक ओरडले.

टेकडी पाठीशी गेली. बाबांनी मूठ उघडली. काडी हलली नाही. पुन्हा उघडली. सुपं धरलेले हात अवघडले.

"कोणाचं तरी मन मैलं आहे!" बाबा गरजले. मान हळूच मागे वळू लागली, तशी सूप धरून उभी असलेली झुंबरबाई म्हणाली, "बाबा, देव मान वळावत नही!"

तेवढ्यात नानांना पट्टी फडफडताना दिसली. त्यांनी कीर्तनातला एक अभंग सावकाश गुणगुणला आणि स्वतःची मूठ उघडली. भुसा उडाला.

नानांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हा माझा चमत्कार नाही रे. मी फक्त टेकडीकडे पाहत होतो. हा बाबाही रोज तेच करत होता."

भिकुबाई केव्हाच घराकडे धावली होती. ट्रॅक्टरमधून सोनी शिंदखेड्याला पोचली. सुई टोचता टोचता डॉक्टरांनी विचारलं, "हिचा पंप कुठे आहे?" "मीच विहिरीत टाकला," नाना म्हणाले.

सोनी वाचली. तिच्या छातीतली शीळ मात्र अजून जात नाही. ती ऐकू आली की कीर्तनातही नानांचा टाळ थबकतो. मग ते समोरच्यांना एवढंच सांगतात, "देवापुढे डोकं जरूर टेकवा, बाबांनो. पण ते उचलल्यावर वही बघा, टेकडी बघा, डॉक्टरला विचारा. लेकराचा श्वास कोणाच्या मुठीत देऊ नका."