ओळखीचे सोडून

मास्तरीण हे नाव तिला मावशीने ठेवलेलं. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं. लहानपणी ही पोरगी उशा ओळीत मांडून त्यांना शिकवत बसायची, तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती कॉलेजात नगर-अभ्यास शिकत होती. म्हणजे नेमकं काय, हे मावशीला कधी उमगलं नाही, पण आमची मास्तरीण अख्खं शहर शिकते, असं ती छाती फुगवून सांगायची.

शेवटच्या वर्षी तिला नगररचना कार्यालयात इंटर्नशिप मिळाली. रस्ता रुंद व्हायचा होता, आणि फुटपाथवरचे कोणते बाक ठेवायचे, कोणते उचलायचे, ते साहेबांना ठरवायचं होतं. बाकांवर बसणारे मोजण्याचं काम विद्यार्थ्यांकडे आलं. घराजवळचा बाक नेमका मास्तरणीच्या वाट्याला आला. प्राध्यापिकाबाईंनी वर्गात बजावलंच होतं, की आपल्या ओळखीची माणसं मोजणीत धरायची नाहीत. माणूस नकळत आपल्यांच्या बाजूने झुकतो. मास्तरणीने तशी खूणगाठच बांधली.

आता त्या बाकावर बसायचं कोण? मावशी, कोपऱ्यावरची शिंपीण आणि पलीकडच्या इमारतीतली निवृत्त नर्स. मावशीचे गुडघे कामातून गेलेले. घरापासून दवाखान्यापर्यंत तिला एका दमात जमायचं नाही. मध्ये हा बाक होता, म्हणून तर ती घराबाहेर पडायची. तिघी मिळून साऱ्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या आणि हसून हसून बेजार व्हायच्या.

मास्तरीण समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसायची. मावशीने हात केला की मान खाली घालायची. तिघी ओळखीच्या, म्हणून तिघी वगळलेल्या. आणि तिघी बसल्यावर चौथ्याला टेकायला जागा उरणार कुठे? रोज मोजणी शून्यावर यायची. एवढी हुशार पोरगी, पण यात काही चुकतंय हे तिच्या डोक्यात शिरलं नाही. उलट आपल्या काटेकोरपणाचं तिला कौतुकच वाटत होतं. कोणाला वगळलं, ते तिने अहवालाच्या शेवटी एका ओळीत लिहिलंही होतं. साहेबांनी फक्त आकडा पाहिला.

प्राध्यापिकाबाईंनी अहवाल भर वर्गात वाखाणला. पुढे महिन्याभरात बाक उखडला गेला आणि त्याच्या पायांच्या जागी सिमेंट थापलं गेलं.

मावशीने सुरुवातीला भिंतीला टेकून उभं राहून पाहिलं. एकदा दुकानाच्या पायरीवर बसली, तर दुकानदाराने गिऱ्हाइकांची वाट अडते म्हणून उठवलं. त्यानंतर तिने बाहेर जाणंच सोडलं. औषधं मास्तरीण आणू लागली. मावशी दिवसभर खुर्चीत बसून टीव्ही लावून ठेवायची आणि बघायची मात्र खिडकीकडे. घरातलं हसणं आटलं. अखेर मास्तरीण साहेबांकडे जाऊन, बाक परत बसवा, असं रडकुंडीला येऊन बोलली. साहेब भला माणूस, त्याने पाणीही पाजलं, पण त्या जागेवरून आता रस्ता जाणार आहे, तिथे काही होणं नाही, असं स्पष्ट सांगितलं.

त्या संध्याकाळी ती मावशीच्या पायाशी येऊन बसली. मावशीनेच विषय काढला.

"आमची संख्या कमी पडली का गं?"

"मी तुम्हाला मोजलंच नाही, मावशी. ओळखीच्यांना धरायचं नव्हतं."

मावशी गुडघा चोळू लागली. ती रागावली असती तर मास्तरणीला बरं वाटलं असतं.

"नर्सबाई तर अंगात ताप असताना यायची," मावशी म्हणाली. "शिंपिणीला मी हातातलं शिवण टाकून उठवायचे. म्हटलं, आपल्या पोरीचं काम आहे, तिला बाक रिकामा दिसायला नको."